पाच तारे की मापाचा माणूस? ड्यूकच्या पाचव्या जागेचा तिढा

मॉरिसव्हिलकर
कोणत्याही धाग्यावर ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या रिक्रूटिंगचा (नवी पोरं संघात आणण्याचा) विषय निघाला की मूळ धागा तिथेच बुडतो, म्हणून हा वेगळा काढलाय.

दर वर्षी तेच. शाळकरी खेळाडूंच्या याद्या येतात, त्यांना मिळालेले तारे (जास्तीत जास्त पाच) मोजले जातात, आपला क्लास, म्हणजे त्या वर्षी येणारी नवी पोरं, देशात पहिला म्हणून पेढे वाटून होतात आणि मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा संपता संपता कपाळाला हात. माझं म्हणणं एवढंच की तारे देणारे लोक वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात. पोरगा पुढे एनबीएत कुठवर जाईल याचा तो अंदाज असतो. कॉलेजच्या कोचला दुसरं काही हवं असतं: बॉल हातात नसताना हा काय करतो? तीस मिनिटं खेळला तरी त्यातली पंचवीसेक मिनिटं बॉल दुसऱ्या कुणाकडे असतो.

वाद घालायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक संघ मांडतो. पॉइंट गार्ड गेल्या वर्षीचाच. ६ फूट ८ इंचाचा एक फॉरवर्ड, सगळं आक्रमण त्याच्याभोवती. ७ फुटी सेंटर, पेंटच्या (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनाच्या) बाहेर शूट करत नाही. एक बरा शूटर. पाचव्या जागेसाठी तिघे, हेही काल्पनिक:

अ – गार्ड, ६ फूट ४ इंच, पाच तारे, देशात पहिल्या दहात. बॉल सतत हातात. थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) ३१ टक्के, फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा शॉट) ६८ टक्के.
ब – विंग, ६ फूट ६ इंच, छोट्या कॉलेजातून ट्रान्सफर, वय २२. थ्री ४१, फ्री थ्रो ८८. स्वतःचा शॉट स्वतः तयार करता येत नाही.
क – विंग, ६ फूट ८ इंच, चार तारे, हात पसरले की ७ फूट १. पाचपैकी चार जागांवरच्या माणसाला अडवतो. थ्री २७ टक्के, फ्री थ्रो ७६.

माझं मत ब ला. बोला.

झब्बू
जागा एक, पोस्टी पाचशे. अ घ्या आणि मोकळे व्हा.

दहा_फुटी_रिंग
अ घेतला की २०१८-१९ पुन्हा होतं. आठवा: बॅरेट, झायन, रेडिश, ट्रे जोन्स, सगळे एकाच क्लासमध्ये. कागदावर असा क्लास क्वचितच जमतो. आणि संघाचे थ्री? ३०.८ टक्के.

लोक म्हणतात थ्री नाही गेले तर आत घुसा. इथेच कॉलेजचा नियम आडवा येतो. एनबीएत बचाव करणारा कुणालाही न अडवता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहिला की शिट्टी वाजते. कॉलेजमध्ये तसा नियमच नाही. त्यामुळे ज्याच्या शॉटची भीती नाही त्याला सोडून त्याचा माणूस खुशाल रिंगखाली तंबू ठोकतो. जानेवारी २०१९ मध्ये सिरॅक्यूजने २-३ झोन (माणसामागे न धावता जागा राखणारा बचाव) लावला, ड्यूकने ४३ थ्री मारले, गेले ९. त्रेचाळीस शॉटमधून सत्तावीस गुण. सामना ओव्हरटाइममध्ये ९५-९१ असा घरच्या मैदानावर गेला. मार्चमध्ये यूसीएफने ट्रे जोन्सला उघड उघड मोकळं सोडलं आणि ७ फूट ६ इंचाच्या टाको फॉलला रिंगजवळ ठेवलं. तो सामना ड्यूकने ७७-७६ असा कसाबसा काढला.

हिशोब अगदी साधा आहे. सामन्यात २२ थ्री धरा. ३१ टक्के आणि ३८ टक्के यांत साडेचार गुणांचा फरक पडतो. ड्यूक बाहेर पडलं ते मिशिगन स्टेटकडून ६८-६७ असं, एका गुणाने.

निळा_सदरा
असहमत, आणि जरा तपशिलात असहमत.

एक, सिरॅक्यूजच्या सामन्यात ट्रे जोन्स सुरुवातीलाच खांदा दुखावून बाहेर गेला आणि रेडिश आजारी होता. तो सामना उदाहरण म्हणून घ्यायचा तर हेही सांगायला हवं. दोन, तो संघ ३२-६ (३२ विजय, ६ पराभव) होता आणि आपल्या गटाची, म्हणजे एसीसीची, स्पर्धा जिंकला. मिशिगन स्टेटविरुद्धचा एक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर आज आपण त्याच क्लासला "अचूक बांधणी" म्हटलं असतं. "फिट" हा शब्द निकाल लागल्यावर लोकांना आठवतो.

गुणवत्ता जमवा, बाकी जमतं. केंटकी २०१२ बघा. डेव्हिस, किड-गिलक्रिस्ट, टीग, तीन नवखे पहिल्या पाचात. ३८-२ आणि विजेतेपद.

खडीसाखर
निळा_सदरा, तुम्ही तुमच्याच विरुद्ध साक्षीदार उभा केलात :)

त्या केंटकीत सर्वात मोठी दोन नावं म्हणजे डेव्हिस आणि किड-गिलक्रिस्ट. पुढे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला आणि दुसरा. संघात शॉट घेण्यात ते चौथ्या-पाचव्या क्रमांकावर होते! कॅन्ससविरुद्धच्या फायनलमध्ये डेव्हिसने दहातला एक शॉट घातला, ६ गुण. तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच, कारण १६ रिबाउंड (चुकलेले शॉट पकडले) आणि ६ ब्लॉक. सर्वात जास्त शॉट लॅम्ब आणि टेरेन्स जोन्स घेत होते, शिवाय चौथ्या वर्षाचा डॅरियस मिलर होता, म्हणजे मुरलेली पोरं. नुसती गुणवत्ता नव्हती ती. बॉलशिवाय सामना फिरवणारी गुणवत्ता होती.

आता मॉरिसव्हिलकरांच्या संघाचा जमाखर्च मांडते. संघाची शंभर टक्के पझेशन्स (बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या) कुणाच्या तरी हातून संपणार: शॉट, फ्री थ्रो नाहीतर टर्नओव्हर (बॉल गमावणं). पाच जणांत सरासरी वीस. फॉरवर्डला २८ द्या. अ ला त्याच्या सवयीप्रमाणे २८. पॉइंट गार्डला २०. झाले ७६. उरलेल्या २४ मध्ये सेंटर आणि शूटर. म्हणजे जो संघातला सर्वात चांगला शूटर आहे तो कोपऱ्यात उभा राहून बारा टक्क्यांवर भूक भागवणार, आणि अ चा ३१ टक्क्यांचा थ्री सुटणार. २०१९ मध्ये हेच झालं होतं. झायन ६८ टक्के शॉट घालत होता, पण जास्त शॉट घेत होता बॅरेट.

उडाणटप्पू
कबड्डीत सातही रेडर घेऊन उतरल्यासारखं. कोपरा कोण धरणार?

टारहील_तात्या
शेजाऱ्यांच्या घरात डोकावतोय, हलके घ्या. "फिट निकालानंतर आठवतो" म्हणणाऱ्यांसाठी आमच्या घरचंच दुखणं सांगतो, कारण याहून स्वच्छ प्रयोग मिळणार नाही.

चॅपल हिलचं आमचं यूएनसी, २०२२. लव्ह, आरजे डेव्हिस, ब्लॅक, बेकॉट आणि पाचवा ब्रेडी मॅनेक, ओक्लाहोमातून शेवटच्या वर्षासाठी आलेला ६ फूट ९ इंची फॉरवर्ड. ताऱ्यांच्या हिशोबात कुणी त्याच्यासाठी ढोल बडवले नव्हते. थ्री मात्र ४० टक्के. त्याच्यामागे समोरच्या संघातला उंच माणूस बाहेर ओढला जायचा, बेकॉटला आत एकास एक मिळायचं आणि लव्ह-डेव्हिसला रस्ता. फायनलपर्यंत गेलो, मध्यंतराला ४०-२५ पुढे होतो, कॅन्ससकडून ७२-६९ हरलो (मीठ चोळू नये).

पुढच्या वर्षी पाचातले चार तेच. मॅनेक गेला, त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नमधून पीट नॅन्स आला. वाईट खेळाडू अजिबात नव्हे, उंचही जास्त. मोसमाआधी देशात पहिला क्रमांक. शेवट? २०-१३ आणि मार्चच्या स्पर्धेत जागाच नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून पहिल्या क्रमांकाने सुरुवात करून बाहेर राहिलेला पहिला संघ. थ्री ३१ टक्क्यांवर आले होते. चार माणसं तीच, पाचवं चाक बदललं आणि गाडी गाळात.

जाता जाता: ८१-७७.

मॉरिसव्हिलकर
तात्या, उदाहरणाला दंडवत. शेवटची ओळ संपादित करता येते, माहीत असेल ना?

टारहील_तात्या
२०२२ च्या सेमीफायनलमध्ये आमच्याकडून ८१-७७ हरलेला कोच केचा, तुमच्या थोर प्रशिक्षकाचा, शेवटचा सामना इतिहासातून संपादित करता येत नाही हो.

गवतीचहा
प्रश्न: छोट्या कॉलेजातले ४१ टक्के मोठ्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) ४१ राहतात का? ब चं सगळं त्याच एका आकड्यावर उभं आहे.

दहा_फुटी_रिंग
चांगला प्रश्न. थ्रीचा टक्का एकटा बघायचा नसतो.

समजा मोसमात १५० थ्री मारले. खरी क्षमता ३५ टक्क्यांची असेल तर निव्वळ नशिबाने ३१ किंवा ३९ दिसू शकतात. म्हणून आधी फ्री थ्रो बघायचे. तिथे कुणी अंगावर येत नाही, अंतर ठरलेलं, फक्त हात दिसतो. जस्टिस विन्स्लो ड्यूकमध्ये २०१४-१५ ला ४१.८ टक्के थ्री मारत होता आणि फ्री थ्रो फक्त ६४ टक्के. फ्री थ्रोने आधीच सांगितलं होतं की थ्रीचा आकडा फुगलेला आहे. पहिल्या एनबीए मोसमात थ्री तीसच्याही खाली आले. उलट २०२५ च्या ड्यूकचा कॉन निप्पेल: फ्री थ्रो ९१, थ्री ४०. ते आकडे एकमेकांना धरून होते.

ब चे ८८ आहेत, म्हणजे हात खरा. क चे ७६ आहेत, म्हणजे त्याचे २७ टक्के वाढायला जागा आहे. अ चे ६८ आणि ३१ मिळून गोड बोलत नाहीत.

दुसरं, शॉट सुटायला किती वेळ लागतो. छोट्या कॉन्फरन्समध्ये धावत येणारा ६ फूट ३ इंचाचा असतो, इथे ६ फूट ८ इंचाचा. बॉल पकडल्यावर छातीखाली, कमरेपर्यंत नेऊन मग वर काढणाऱ्याचे थ्री इथे अडतात. पाय आधीच रोवलेले आणि बॉल खांद्याच्या उंचीवर पकडला जात असेल तर आकडा बराचसा टिकतो.

आणि कृपा करून हायलाइट बघू नका. त्यात चुकलेला शॉट नसतोच. तीन पूर्ण सामने घ्या, त्यातला एक हरलेला. नजर फक्त त्या पोरावर ठेवा. सहकारी आत घुसला की हा कोपऱ्यातून वर सरकून पासची वाट मोकळी करतो की बचाववाल्याच्या पाठीमागे लपून राहतो? बॉल गमावल्यावर पहिली तीन पावलं मागे पडतात की पंचांकडे? शॉट उडाला की रिंगकडे बघत बसतो की आधी अंग लावून आपला माणूस अडवतो? दहा पझेशन्समध्ये कळतं.

उडाणटप्पू
तिसऱ्या प्रश्नावर आमच्या सोसायटीची अख्खी टीम बाद.

भुईचाफा
सगळे ब च्या नादी लागलेत, पण ब ला अडवता येतं का हे कुणी विचारलंच नाही. आजकाल शेवटच्या पाच मिनिटांत काय होतं: समोरचा संघ आपल्यातला सर्वात कच्चा बचाववाला शोधतो, त्याच्या माणसाला स्क्रीन लावायला (वाट अडवून उभं राहायला) बोलावतो, स्विच (आपापसात माणसं बदलायला) करायला लावतो आणि मग त्यालाच पुन्हा पुन्हा गाठतो. ब एका बाजूला तीन गुण देऊन दुसऱ्या बाजूला चार सोडणार असेल तर काय उपयोग?

क ची बाजू मांडते. यूकॉन २०२४. स्टेफॉन कॅसल, नवखा, पाच तारे, थ्री साधारण २७ टक्के, म्हणजे अगदी क चाच आकडा. तरी तो पहिल्या पाचात, कारण समोरच्या सर्वात धोकादायक गार्डला तो एकटा सांभाळायचा. फायनलमध्ये परड्यूविरुद्ध त्यांनी झॅक ईडीवर दुसरा माणूस पाठवलाच नाही. क्लिंगनला एकट्याला भिडवलं आणि बाकी चौघे शूटरांना चिकटून. ईडीने ३७ गुण केले, पण परड्यूचे थ्री मिळून सात, गेला एक. सामना ७५-६०. अशी योजना फक्त तेव्हाच चालते जेव्हा चारही जण आपापल्या माणसाला मदतीशिवाय अडवू शकतात.

खडीसाखर
भुईचाफा, मान्य, पण कॅसलच्या शेजारी कोण होते तेही बघा: स्पेन्सर ४४ टक्के, शिवाय कॅराबन आणि न्यूटन. न मारणारे दोघे, कॅसल आणि क्लिंगन, मारणारे तिघे. आणि क्लिंगन पेंटमध्ये आणि कॅसल कोपऱ्यात असताना कॅसल तिथे उभा राहून वाट बघत नसे. त्याचा माणूस मदतीला आत वळला की तो त्याच्या पाठीमागून बेसलाइनने रिंगकडे कट मारायचा. शॉट नसलेल्याने जागेवर उभं राहणं हा गुन्हा, चालत राहणं हा उपाय.

मॉरिसव्हिलकरांच्या संघात सेंटर मारत नाही. क आला की न मारणारे दोन. पॉइंट गार्डचा थ्री किती, हे त्यांनी लिहिलंच नाही. सगळं तिथे अडलंय.

निळा_सदरा
आणि २०२५? त्या ड्यूकमध्ये तर सगळं "फिट" होतं ना? फ्लॅग, निप्पेल, मालुआच हे नवखे, प्रॉक्टर जुना, सायन जेम्स पाचव्या वर्षाचा ट्रान्सफर, थ्री ४१ टक्के. ३५-४. मग ह्यूस्टनपुढे १४ गुणांची आघाडी कशी गेली?

झब्बू
सायन? म्हणजे आपलं शीव? मग हार्बर लाइनवर आघाडी अडकली असेल.

दहा_फुटी_रिंग
झब्बू, शीव मध्य मार्गावर आहे. निदान विनोद तरी तपासून टाका.

निळा_सदरा, तिथे शूटिंग नाही, अंगाचा प्रश्न होता. ७०-६७. ह्यूस्टनने आक्रमणात १८ रिबाउंड घेतले. मालुआच ७ फूट २ इंच, २१ मिनिटं मैदानात, रिबाउंड शून्य. त्याच्या अंगावर रेलणारा जे'वॉन रॉबर्ट्स कॉलेजच्या सहाव्या वर्षाला होता. उंची १८ व्या वर्षी मिळते, पण कंबर आणि मांड्यांची ताकद २२ व्या वर्षी. शॉट उडाल्याच्या क्षणी रॉबर्ट्ससारखा माणूस वर बघतच नाही. आधी ढुंगणाने जागा घेतो, गुडघे वाकवतो, मग हात वर. ७ फूट २ इंचाचा मागे उभा राहिला की त्याची उंची वाया.

दोन दिवसांनी त्याच ह्यूस्टनला फ्लोरिडाने ६५-६३ हरवलं. फ्लोरिडाचे तिन्ही गार्ड ट्रान्सफर: क्लेटन आयोनातून, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून, रिचर्ड बेलमाँटमधून. शाळेतून निघताना त्यांच्यासाठी कुणी कॅमेरे लावले नव्हते.

निळा_सदरा
हे पटलं. म्हणजे वादाचा मुद्दा तारे विरुद्ध फिट नाही, १८ विरुद्ध २२ आहे. आणि तरीही सांगतो, फ्लॅगशिवाय तो संघ सॅन अँटोनियोला, म्हणजे शेवटच्या चारांत, पोचलाच नसता. एक तरी असा लागतो ज्याच्याभोवती बाकीचे "फिट" होतील. पाच मापाचे पण मधला कुणीच नाही, तर तो संघ जानेवारीत छान दिसतो.

खडीसाखर
+१. म्हणून तर २०१५ चं ड्यूक जिंकलं. ओकाफोर आत, टायस जोन्स आणि चौथ्या वर्षाचा क्विन कुक बाहेर. तीन नवख्यांना एक म्हातारा. आणि विस्कॉन्सिनविरुद्ध फायनलमध्ये ओकाफोर फाउलमध्ये अडकल्यावर १६ गुण कुणी केले? ग्रेसन ॲलनने, त्याच क्लासमधला, पण ज्याच्याकडे मोसमभर कुणी बघत नव्हतं.

गवतीचहा
अवांतर: अ ला मिनिटं कमी मिळणार असं कोचने आधीच सांगितलं तर तो येईल का?

भुईचाफा
अवांतर कसलं, तोच कळीचा मुद्दा आहे. सामन्यात एकूण २०० मिनिटं वाटायची असतात, चाळीस गुणिले पाच. पहिले पाच तीस-तीस खेळले की १५० गेली. उरलेली ५० तीन-चार जणांत. २०२५-२६ पासून मोठ्या कॉलेजांना संघात १५ जण ठेवता येतात, पूर्वी १३ शिष्यवृत्त्या असायच्या. म्हणजे सहा-सात जण जवळपास बसूनच. २०२४ पासून दर वर्षी कॉलेज बदललं तरी लगेच खेळता येतं, आणि आता कॉलेज थेट पैसेही देतं. बसवलेला पाच तारे वाला एप्रिलमध्ये बॅग भरतो. त्याच्यावर खर्च केलेले पैसे आणि आश्वासनं त्याच्याबरोबर जातात. अ ला घेऊन बेंचवर बसवणं हा पर्याय कागदावरच आहे. घेतला तर खेळवावाच लागतो, आणि खेळवला तर बॉल द्यावाच लागतो.

मॉरिसव्हिलकर
खडीसाखर, पॉइंट गार्डचा थ्री द्यायचा राहिला खरा. ३७ टक्के धरा. फॉरवर्ड ३५.

मग चित्र असं: फॉरवर्ड, पॉइंट गार्ड, शूटर हे तिघे मारणारे, सेंटर न मारणारा. ब घेतला तर चार बाहेर, आत सेंटर एकटा, फॉरवर्डला मोकळं मैदान. क घेतला तर यूकॉनसारखे तीन-दोन, पण क ला कट मारत राहावं लागेल. भुईचाफांचा मुद्दा वाचून मी थोडा सरकलोय. पहिली ३५ मिनिटं ब. आघाडीवर असू तर शेवटची पाच क. मागे असू तर ब च.

आणि हो, दोघांनाही घ्यायला पैसे पुरतील असं दिसतंय, कारण अ एकटाच दोघांचे मागतोय.

झब्बू
मी पहिल्याच पोस्टीत अ म्हटलं होतं, आता माघार कशी घेऊ?

उडाणटप्पू
संपादित करून. तात्यांना विचार.

टारहील_तात्या
म्हणजे अ उरला ना? १५-५०१ वरून चॅपल हिलला पाठवून द्या. दहा मैलांचा तर प्रश्न आहे.

मॉरिसव्हिलकर
थ्री ३१ टक्के आहेत, तात्या. तुमच्याकडे २०२३ चे शिल्लक असतील ना अजून?